चर्चगेटचं चर्च आणि बाबांचा नाताळ

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात नोकरीला लागल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "घर किती लांब आहे तुझं?" मी ठोकून देते, "दीड हजार किलोमीटरच्या वर." पण मुंबईपर्यंतचं अंतर म्हणजे नेमकं कुठपर्यंतचं? याचं उत्तर मला गेल्या नाताळात सापडलं.

माझे बाबा तीस वर्षं लोकलने चर्चगेटला नोकरीला गेले. पण "स्टेशनच्या नावातलं चर्च कुठे आहे हो?" असं विचारलं, तर हसून म्हणाले, "आम्हाला पाच-चाळीसची लोकल दिसायची, चर्च कोण बघतंय?" मग ठरवलं, या सुट्टीत बाबांना घेऊन जायचंच. दिवस निवडला २५ डिसेंबर, कारण नाताळ हा या चर्चचाही वाढदिवस!

स्टेशनवरून वीर नरिमन रोडने सरळ हुतात्मा चौक ओलांडून हॉर्निमन सर्कलकडे चालत गेलं, की सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटाला इथे येणारा एक दरवाजा होता, तोच 'चर्च गेट'. १८६०च्या दशकात तट पाडले गेले, नाव मात्र राहिलं. चर्चचं काम गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात सुरू झालं आणि मग जवळपास चाळीस वर्षं अर्धवटच पडून राहिलं. शेवटी रिचर्ड कॉब या धर्मगुरूने वर्गणी गोळा करून ते पुरं केलं आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. त्या दिवशी रामाजी कामाठी हे शेणवी व्यापारी आपल्या मंडळींसह आले आणि प्रार्थना संपेपर्यंत थांबले, असं कॉबने लिहून ठेवलंय. वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे ते हेच. हे सांगितल्यावर बाबांचा संकोच गेला. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

प्रार्थनेनंतर आम्ही भिंतींवरचे संगमरवरी स्मृतिफलक वाचत फिरलो. कुणी सैनिक, कुणी अधिकारी. बरेचसे घरापासून हजारो मैल दूर येऊन इथेच गेलेले. बाबा एका फलकापाशी बराच वेळ उभे होते. मग हळूच म्हणाले, "यांच्या आईबापांना किती दिवसांनी कळलं असेल गं?" मला एकदम आठवलं, कामाच्या गडबडीत मी कितीदा त्यांचा फोन "नंतर करते" म्हणून कापलाय.

बाहेर आल्यावर मी त्यांना शेवटची गंमत सांगितली. जुन्या मुंबईत मैलाच्या दगडांवरचं अंतर याच चर्चपासून मोजायचे. त्यातले काही दगड आजही शहरात आहेत. बाबा थांबले, मागे वळून मनोऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझं चंदीगड इथून मोजायचं तर!"

तुम्हीही कधी चर्चगेटला उतरलात, तर वीस-पंचवीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने चाला. आम्हाला पाऊण तास लागला. परतीच्या लोकलमध्ये बाबांना खिडकी मिळाली. विरारपर्यंत ते ऑफिसचे किस्से सांगत होते, जे मी आजवर कधी ऐकलेच नव्हते.

आता इंडस्ट्रियल एरियातून मी रोज रात्री जेवणाआधी फोन करते.