मुखत्यारपत्र रद्द केलं, पण दारवानाला सांगितलं का?

वडिलांनी गावच्या जमिनीसाठी माझ्या चुलतभावाला मुखत्यारपत्र दिलं होतं. गेल्या वर्षी ते रद्द करायचं ठरलं. भांडण वगैरे काही नाही, भाऊ कायमचा पुण्याला गेला एवढंच. मला वाटलं, एक कागद केला, सही केली की संपलं. वकीलसाहेब हसले. "त्याला नोटीस पाठवा, पेपरात जाहीर नोटीस द्या. समोरच्याला कळायला नको का?" १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०८ हेच सांगतं. एजंटचा अधिकार काढून घेतला तरी एजंटपुरता तो त्याला कळल्यावर संपतो आणि तिऱ्हाइतापुरता तिऱ्हाइताला कळल्यावर.

हे आज आठवायचं कारण आमची सोसायटी. मी सेक्रेटरी. मेंटेनन्सच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देऊन वैतागलो होतो, म्हणून एक एआय एजंट घेतला. सोसायटीच्या ईमेलला आणि ड्राइव्हला जोडला. परवानगीचं बटण मीच दाबलं. तीन महिन्यांनी परवडेना, तेव्हा पैसे भरणं थांबवलं, मोबाइलवरून अ‍ॅप काढून टाकलं आणि विषय संपला असं कमिटीत सांगूनही टाकलं.

पाच महिन्यांनी भलत्याच कामासाठी खात्याचं सेटिंग उघडलं, तर जोडलेल्या अ‍ॅपच्या यादीत हे महाशय बसलेलेच! ईमेल वाचायची, पाठवायची, ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली बघायची परवानगी शाबूत. आणि त्या ड्राइव्हमध्ये सभासदांचे नॉमिनेशन फॉर्म, आधारच्या झेरॉक्स, भाडेकरूंचे करार. पोटात गोळाच आला.

नंतर नीट समजून घेतलं. आपण परवानगी देतो तेव्हा एजंटला पासवर्ड मिळत नाही, टोकन मिळतं. एक टोकन थोड्या वेळाचं, साधारण तासाभराचं. दुसरं रिफ्रेश टोकन, जे दाखवून पुन्हा पुन्हा नवं टोकन घेता येतं. ही टोकनं असतात एजंटवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर. मी अ‍ॅप काढलं ते माझ्या मोबाइलवरून. पैसे थांबवले ते त्या कंपनीचे. पण दारावर उभी असते ती ईमेल सेवा, आणि तिला मी काहीच कळवलं नव्हतं.

आमचं नशीब, काही वाकडं झालं नाही. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्ट कंपनीच्या 'ड्रिफ्ट' या एआय चॅट एजंटची टोकनं चोरांच्या हाती लागली. ती वापरून ८ ऑगस्टपासून निदान १८ ऑगस्टपर्यंत त्यांनी ग्राहक कंपन्यांच्या सेल्सफोर्स खात्यांतली माहिती उपसली. त्या कंपन्यांचे पासवर्ड फोडावेच लागले नाहीत, टोकन खरंच होतं. गूगलच्या तपास पथकाच्या मते ७०० हून अधिक संस्थांना झळ पोचली असावी. क्लाउडफ्लेअर, पालो अल्टो, झीस्केलर अशा सुरक्षाच विकणाऱ्या कंपन्याही त्यात होत्या. वर चोर त्या माहितीत आणखी पासवर्ड आणि किल्ल्या शोधत होते. २० ऑगस्टला ड्रिफ्टची सेल्सफोर्सशी जोडलेली सगळी टोकनं रद्द केली, तेव्हा कुठे ही वाट बंद झाली.

टोकन रद्द करायची प्रमाण पद्धत २०१३ पासून ठरलेली आहे, म्हणजे सोय नाही असं नाही. पण एक मेख आहे. काही टोकनं अशी असतात की दारवान फक्त शिक्का आणि मुदत बघतो, मालकाला विचारत नाही. अशी टोकनं रद्द केली तरी मुदत संपेपर्यंत चालू शकतात. म्हणून मुदत थोडकीच हवी. माणूस एजंट निदान रात्री झोपतो, हा रात्री दोन वाजताही कामावर असतो.

सर्वसाधारण सभेत मी हे सगळं सांगितलं. दोन सभासद चिडले, आणि बरोबर चिडले. कागद त्यांचे होते, किल्ली मी दिली होती. आता एक वही केली आहे: कोणत्या एजंटला, कोणती परवानगी, कोणी दिली, कधी काढली. प्रत्येकाला वेगळं टोकन, म्हणजे एकाचं रद्द करताना बाकीच्यांचं काम अडत नाही. परवानगी काढायची ती ईमेल खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन, आणि काढल्यावर एजंटला काम सांगून बघायचं. ते झालं नाही, तरच वहीत 'रद्द' लिहायचं.

आता पतसंस्थेत, दवाखान्यात, मुलांच्या क्लासमध्येही चॅटबॉट दिसायला लागलेत. आपले कागद तिथेही असतात. पुढच्या वेळी गेलात की एवढंच विचारा: आधीचा जो बंद केलात, त्याची परवानगी कोणी काढली, आणि कधी? मला हे कोणी पाच महिने आधी विचारलं असतं, तर बरं झालं असतं.