काळीज, कावीळ आणि रक्त

मराठी माणसाने आपली सारी माया आणि सारे धैर्य काळजाच्या हवाली केले आहे. काळीज म्हणजे हृदय अशी आपली समजूत. पण खाटकाकडे कलेजी मागितली तर हाती पडते ते यकृत! या अदलाबदलीबद्दल यकृताची तक्रार नाही. तक्रार न करणे हाच त्याचा स्वभाव, आणि माणसाचा घात होतो तो त्यामुळेच.

माझे थोरले मामा यकृताच्या कर्करोगाने गेले. माळकरी माणूस, दारूचा थेंब कधी ओठाला लागला नाही. तरीही "चोरून घेत असतील" ही कुजबूज तेराव्याच्या पंगतीतच मामींच्या कानी आली. मामांच्या रक्तात होता हेपॅटायटिस 'बी'चा विषाणू. बीस्ली या संशोधकाने १९८१ साली तैवानमधील २२,७०७ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा विषाणू अंगी वागवणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा दोनशे पटींहून अधिक आढळला. दारूची गरजच काय?

जीवरसायनशास्त्राच्या तासाला चयापचयाचे तक्ते गिरवताना मला मामा आठवतात. यकृत हा शरीराचा कारखाना. तो बिघडला की त्याचा हिशोब रक्तात उमटतो. फेनिलॲलनीन आणि टायरोसीन ही अमिनो आम्ले मुख्यतः यकृतात मोडली जातात. व्हॅलीन, ल्यूसीन, आयसोल्यूसीन मुख्यतः स्नायूंत. यकृत थकले की पहिली दोन रक्तात साचतात, उरलेली तीन घटतात. पित्ताम्लेही वाढतात. असे शेकडो पदार्थ एकदम मोजून त्यांत कर्करोगाची खूण शोधण्याचे प्रयत्न आज चालू आहेत.

अडचण अशी, की विषाणूने यकृत आधीच जर्जर केलेले असते आणि नुसत्या सिरॉसिसमध्येही हीच प्रमाणे ढळतात. बोलते आहे ती नवी गाठ की जुना व्रण? अबेलेव यांनी १९६३ साली मॉस्कोत यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात गर्भावस्थेतले एक प्रथिन ओळखले. तेच अल्फा-फीटोप्रोटीन आजही मोजतात. पण काही रोग्यांत तेही वाढत नाही. म्हणून ज्यांना धोका आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, जोडीला ही रक्ततपासणी, असाच सल्ला दिला जातो.

आमच्या घरी कावीळ म्हणतात, शेजारची अज्जी कामाले म्हणते. डोळे पिवळे होण्याची वाट मात्र दोन्ही घरे सारख्याच श्रद्धेने पाहतात. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून येतो आणि डोळे पिवळे न करता दशकानुदशके मुक्काम ठोकतो. त्यावर लस आहे. तैवानने ती १९८४ पासून नवजात बालकांना द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्या देशात २०११ पर्यंत ती सर्वत्र पोचली. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो.

मामांच्या मागून आईने, मावशीने आणि आम्ही भावंडांनी रक्त तपासून घेतले. मामेभावाच्या रक्तात विषाणू निघाला. तो धडधाकट आहे, शेती करतो, सहा महिन्यांनी न चुकता तपासणीला जातो. त्याच्या बायकोने लस घेतली आहे. गावात अजून कुणाला सांगितलेले नाही. पंगतीतली ती कुजबूज मामी विसरलेल्या नाहीत.