मागची फळी

माझं घर भडगावला, गिरणेच्या काठी. पण ही चूक घडली वर, नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणावर. तिथल्या एका मच्छीमार संस्थेचे हिशेब मी बघत असे. २०१९ साली धरण पूर्ण भरलं आणि जुन्या लाकडी नावेऐवजी ॲल्युमिनियमची बोट घ्यायचं ठरलं. निवड माझ्यावर सोपवली.

दोन बोटी पाहिल्या. दोन्ही १४ फुटी, पत्रा सारखाच, किमतीत फरक थोडका. एकीचं बूड सपाट, दुसरीचं मधोमध निमुळतं. निमुळतं बूड लाट कापतं, असं विक्रेता म्हणाला. ते खरंच आहे. सोबत आलेले एक म्हातारे भोई काका मात्र सपाट बोटीपाशीच घुटमळत होते. "भाऊ, उन्हायामा पानी कितलं ऱ्हास ते देख," एवढंच ते बोलले. मी मान हलवली आणि निमुळतीचे पैसे मोजले.

संस्थेचं जुनं इंजिन १५ इंची दांड्याचं होतं. सपाट बोटीची मागची फळी तेवढीच होती. मी घेतलेल्या बोटीची २० इंच. टेप माझ्या हातात होता. लांबी मोजली, रुंदी मोजली. जिथे इंजिन बसणार ती जागा मोजली नाही.

काठालगत, शांत पाण्यात बोट चालली, म्हणून कुणाला शंका आली नाही. एका संध्याकाळी दोघे जण जाळी घेऊन आत गेले आणि वारा सुटला. उंच फळीवर दांडा आखूड पडत होता; लाटेवर मागची बाजू उचलली की पंखा हवा ओढायचा. इंजिन किंचाळायचं, बोट जागच्या जागी. ओढ कमी व्हावी म्हणून त्यांनी जाळी कापून सोडली आणि वल्ही मारत परतले. काठावर त्यांच्या घरच्या बायका उभ्या होत्या. मीही होतो. अंधारात वल्ह्यांचा आवाज येईपर्यंत आमच्यात कुणी बोललं नाही. त्या तासाभराची भरपाई कोणत्याही वहीत होत नाही.

फळी कापावी तर मागून पाणी आत येण्याची भीती; लांब दांड्याच्या इंजिनाला पैसे नव्हते. पुढे उन्हाळ्यात खाली जामदा बंधाऱ्याकडे पाण्याची आवर्तनं सुटली, धरण उतरलं आणि ते निमुळतं बूड गाळात, खडकावर टेकू लागलं. मला सर्वांत जास्त लागलं ते इथे. भडगावला पाणी येतं ते त्याच आवर्तनांवर. त्यांच्या तारखा मला पाठ होत्या. खाली पाणी आलं म्हणजे वर ते उतरतं, हे बोट निवडताना माझ्या मनातही आलं नाही. काकांनी तर तेच विचारलं होतं.

ती बोट अर्ध्याहून कमी किमतीत गेली. बुडालेले पैसे सभासदांच्या मासळीचे होते. सभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं.

पुढची बोट काकांनी निवडली, सपाट बुडाची. मी पैसे दिले आणि मागची फळी मोजली. १५ इंच.