पाणी फेकणारी गाडी

गाडी पाणी फेकते अशी तक्रार आली की गॅरेजात दोन टोकांची उत्तरं तयार असतात. एक, टोपण बदला आणि सुटा. दुसरं, हेड गेलंय, इंजिन उघडावं लागेल. दोन्ही उत्तरं अधूनमधून बरोबर निघतात, म्हणूनच ती टिकून आहेत. या दोन टोकांच्या मधला तपास मात्र सहसा होतच नाही. माझं म्हणणं असं की किती कुलंट सांडलं हे विचारण्याआधी ते कधी सांडलं आणि तेव्हा इंजिन किती तापलेलं होतं हे विचारावं. पान्याला हात लावण्याआधीच निदान बरंच पुढे सरकतं. कुलंटला टोपणाबाहेर ढकलणारे तीनच असतात: तापून फुगलेलं कुलंट स्वतः, वाफ, आणि सिलिंडरमधून घुसलेला वायू. तिघांच्या येण्याच्या वेळा वेगळ्या.

फुगण्याचा हिशेब आधी उरकून टाकू. २० अंशांचं पाणी ९० अंशांपर्यंत तापलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं, निम्मं ग्लायकॉल असलेलं कुलंट आणखी थोडं जास्त. गाडीत सहा लिटर कुलंट असेल तर साधारण पाव लिटरची जागा त्याला लागणारच. कुलंटच्या बाटलीवरची वरची रेघ म्हणूनच असते, आणि ती थंड इंजिनासाठी असते. गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीने पहिल्याच फेरीत तेवढं फेकलं तर बिघाड शोधण्यात अर्थ नाही. पातळी आपोआप रेघेपाशी येते आणि फेकणं थांबतं. न थांबण्याचं एकच कारण असतं: पातळी उतरलेली पाहून मालक पुन्हा काठोकाठ भरतो.

वाफेची गोष्ट टोपणाशी बांधलेली आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं; त्यावर एक बार जादा दाब दिला की १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा असतो तो या दाबाचा. स्प्रिंग थकली किंवा रबर कडक झालं की ही सवलत संपते. मे महिन्यात खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना एसी चालू असेल, तर रेडिएटरला मिळणारी हवा आधीच कंडेन्सरमधून तापून आलेली असते. वर लोणावळ्यात चिक्की घ्यायला गाडी थांबते, इंजिन बंद होतं, पंपही थांबतो. पण हेडमधली उष्णता कुठे जात नाही. ती तिथल्या स्थिर कुलंटला उकळवते आणि बंद गाडीच्या पुढून ओघळ येतो. चालताना काही नाही, बंद केल्यावर फेकते, अशा तक्रारीत पहिला संशय टोपणावर घ्यावा, आणि हातपंपाच्या टेस्टरवर ते आपल्या आकड्यापर्यंत दाब धरतं का हे पाहून घ्यावं. टोपणाचं दुसरं कामही विसरू नये. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत टोपण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली बिनदाबाची. इंजिन निवलं की टोपणातली छोटी उलटी झडप उघडते आणि बाटलीतलं कुलंट परत ओढलं जातं. ती झडप अडकली, किंवा मधल्या नळीला चीर जाऊन ती हवा ओढू लागली, तर गेलेलं कुलंट बाटलीतच राहतं. मग बाटली भरभरून वाहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. भरलेली बाटली बघून निर्धास्त राहणाऱ्यांच्या गाड्या अशाच तापतात.

आता तिसरा, ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो वायू. नुसत्या कॉम्प्रेशनचा दाब दहा-बारा बारचा आणि दहनाचा त्याच्या कितीतरी पट. कुलंटच्या बाजूला जेमतेम एक बार. हेडखालच्या गॅस्केटमध्ये केसाएवढी वाट मिळाली तरी वायू कुठल्या दिशेने जाईल हे उघड आहे. त्याची ओळख तापलेल्या इंजिनावर पटत नाही, कारण तिथे वाफही दाब देत असते. ओळख पटते थंड इंजिनावर. गाडी सुरू करून दोन मिनिटंही झाली नाहीत, कुलंट अजून कोमट आहे आणि वरचा होज दाबला तर दगडासारखा लागतो. ४० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ०.०७ बारच्या आसपास असतो. एवढ्याने होज ताठ होत नाही. त्याहून बोलका पुरावा दुसऱ्या सकाळी मिळतो. वाफ निवली की पुन्हा पाणी होते, फुगलेलं कुलंट आकसतं, आणि रात्रभर उभ्या गाडीत दाब उरायला नको. टोपण सैल करताच फुस्स झालं, तर आत जे आहे ते निवून विरणारं नाही. (हे थंड गाडीवरच करायचं. तापलेलं टोपण उघडणाऱ्यांचे भाजलेले हात डॉक्टरांना नवे नाहीत.) नुसत्या बुडबुड्यांवर मात्र निकाल देऊ नये. नुकतंच कुलंट बदललं असेल तर अडकलेली हवा काही वेळ बुडबुडे देते आणि मग थांबते. वायू थांबत नाही. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण आहेच, कार्बन डायऑक्साइड लागला की ते पिवळं पडतं. डिझेल इंजिन आयडलिंगला भरपूर हवेवर चालतं, त्यामुळे तिथे ते फसवू शकतं. अशा गाडीला भार देऊन मग तपासावं.

यावर गॅरेजवाल्याचा आक्षेप रास्त आहे: टोपण काही शे रुपयांचं, हेडचं काम काही हजारांचं, मग स्वस्तापासून सुरुवात केली तर बिघडलं काय? टोपणाबाबत काहीच बिघडत नाही. बिघडतं ते त्याच ओघात थर्मोस्टॅट काढून फेकला जातो तेव्हा. आपल्या उष्ण हवेत तो हवाच कशाला, हा युक्तिवाद ऐकायला पटतो. पण थर्मोस्टॅट उघडताना अनेक इंजिनांत बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम कुलंटचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच फिरत राहतो. घाटात अशी गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते. सपाट रस्त्यावर उलट ती नीट तापतच नाही, ईसीयूला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. शिवाय तपास करणाऱ्याच्या दृष्टीने मोठं नुकसान असं की लक्षणंच बदलून जातात, आणि पुढच्या माणसाला मूळ दोष वाचता येत नाही. दुसरा आक्षेप मालकाचा: तापमानाचा काटा तर मधोमध आहे! आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधल्या पट्ट्यात स्थिर ठेवलेला असतो, आणि सेन्सर कुलंटाऐवजी हवेत उघडा पडला की त्याचं सांगणं भरवशाचं राहत नाही.

गाडी सिग्नलला तापून फेकते आणि हायवेला ठीक असते, तर फॅन, त्याचा रिले आणि स्विच बघावा. हायवेला वेगात फेकते, तर रेडिएटर किंवा पंप. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अरुंद झालेल्या असतात, हे बाहेरून दिसत नाही. वायू खरोखर सिद्ध झाला तरी ही यादी बाद होत नाही. गॅस्केट बहुतेक वेळा आधी कधीतरी इंजिन तापल्यामुळे जातं, आणि ते तापणं यांपैकीच कशामुळे तरी झालेलं असतं. हेड उतरवल्यावर सपाट पट्टी लावून ते वाकलंय का बघतात, फेसिंगला पाठवतात, नवं गॅस्केट घालतात. त्याच दिवशी पंपाची पाती आणि रेडिएटरचा प्रवाह तपासला नाही आणि फॅन किती अंशांना सुरू होतो हे पाहिलं नाही, तर नव्या गॅस्केटवरही तोच ताण येतो आणि काही महिन्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते.