मोत्याने काय खाल्ले?



तुमच्यापैकी बहुतेकांच्या दारात एखादा कुत्रा असतोच. त्याला कोणी विकत आणलेले नसते. कुठून तरी येतो, शिळ्या भाकरीवर राहतो आणि घरचा होतो. रात्री धानाच्या बांधीत रानडुकरे शिरली की सर्वांत आधी तोच उठतो. पण घरातल्या माणसांची, गुराढोरांची मोजदाद करताना त्याला कोणी धरत नाही. मीही धरीत नव्हतो. गेल्या धानाच्या हंगामातल्या एका रात्रीने मला ते शिकवले आणि माझ्याच कामातली एक मोठी चूकही दाखवून दिली.

मी एटापल्लीला कृषी विस्तार अधिकारी आहे. आमच्या घरामागे धानाच्या बांध्या आहेत, त्यापलीकडे जंगल. चार वर्षांपूर्वी भर पावसात एक पिल्लू आमच्या ओट्यावर येऊन बसले, ते गेलेच नाही. त्याचे नाव मोत्या.

त्या वर्षी उंदरांनी उच्छाद मांडला होता. म्हणून घरामागच्याच बांधावर शेतकऱ्यांना जमवून मी झिंक फॉस्फाइडच्या आमिषाचे प्रात्यक्षिक दिले. भरडलेले धान्य 96 भाग, गोडे तेल 2 भाग आणि औषध 2 भाग. पहिले दोन दिवस औषधाशिवाय नुसते धान्य ठेवावे, म्हणजे उंदीर चटावतो. तिसऱ्या दिवशी विषारी आमिष बिळात खोल घालून बीळ बंद करावे. हातमोजे घालावे, काडीने कालवावे. एवढे सांगून होते न होते तोच पाऊस आला. लोक उठले, मीही मोटारसायकलला किक मारली. दोन वाक्ये सांगायची राहिली.

आमिष घातल्याच्या दुसऱ्या दिवशी मोत्या सकाळपासून गायब होता. दिवेलागणीला आला तो मान खाली घालून. अंगणातच त्याने भडाभडा ओकून टाकले. मी जवळ गेलो तर तोंडाला सडक्या मासळीचा भपकारा!

तुम्ही म्हणाल, कुत्र्याच्या तोंडाला घाण वास यायचाच. पण माझ्या पोटात गोळा आला. हे विष पोटातल्या आम्लात मिसळले की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. त्याचा वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा असतो. हे मीच किती सभांतून सांगितलेले! बांधावरचा एखादा मेलेला उंदीर याने गिळला असेल, तर त्या उंदराच्या पोटातले विष आता याच्या पोटात होते.

शेजारची बुढीमाय धावत आली. म्हणाली, "साहेब, त्याले दूध पाजा जी. दुधानं जहर उतरते." हिने लगेच दुधाचे भांडे उचलले. मी थांबवले, पण मलाही खात्री हवी होती. घरात रेंज नव्हती. चढावर जाऊन पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितले : दूध, तूप, तेल काही पाजू नका, या विषाला तेलकट पदार्थ घातक. मिठाचे पाणी पाजून ओकवू नका. खायला देऊ नका. कुत्र्याला मोकळ्या हवेत ठेवा आणि ओकारीजवळ तोंड नेऊ नका, तो वायू माणसालाही बाधतो. या विषाला खास उतारा नाही. धाप लागली, झोकांड्या गेल्या, अंग थरथरले तर असेल तसे घेऊन निघा.

आम्ही दोघे अंगणात बसून राहिलो. मी बॅटरीच्या उजेडात त्याचा श्वास मोजीत होतो. लक्षणे बहुधा पहिल्या चार तासांत दिसतात, पण कधी उशिराही दिसतात, म्हणून डोळ्याला डोळा लागेना. मध्यरात्री तो पुन्हा ओकला. काठीने पाहिले तर माशाचे काटे. जीव थोडा हलका झाला. पण मासळीबरोबर उंदीरही खाल्ला नसेल कशावरून?

झुंजुमुंजू झाले तेव्हा मागच्या घरचा शेतकरी आला. म्हणाला, "साहेब, आमची सुकी मच्छी पावसानं सडली होती. उकिरड्यावर फेकली तं तुमच्या मोत्यानं सारी खाल्ली जी." त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले!

तरी मोत्याला दवाखान्यात नेले. सलाईन लागले. दिवसभर उपाशी ठेवून थोडे थोडे पाणी दिले, दुसऱ्या दिवशी मऊ भात. तिसऱ्या दिवशी तो शेपटी हलवू लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. दवाखान्यातून परतल्यावर त्याच शेतकऱ्याला घेऊन मी बांधावर गेलो. तीन मेलेले उंदीर उघड्यावर पडले होते. त्यातला एक तर पोरांच्या शाळेच्या वाटेवर. कोणी उचलले नव्हते, कारण उचला म्हणून मी सांगितलेच नव्हते. मोत्या वाचला तो माझ्या शहाणपणाने नव्हे, त्याला त्या दिवशी मासळी आधी सापडली म्हणून. आम्ही खोल खड्डा खणून ते उंदीर पुरले आणि सगळे बांध फिरून पाहिले.

तेव्हा पावसाने राहिलेली ती दोन वाक्ये आज लिहून देतो. एक, आमिष घातल्यापासून कुत्री बांधून ठेवा, कोंबड्या कोंडून ठेवा. दोन, रोज सकाळी मेलेले उंदीर आणि उरलेले आमिष काठीने गोळा करून खोल पुरा. आणि घरचे जनावर काही भलतेसलते खाऊन आले तर मनाने औषध करू नका. काय खाल्ले, केव्हा खाल्ले हे पाहून ठेवा आणि पशुवैद्यकाला विचारा. विषाची पुडी किंवा डबा असेल तर सोबत न्या.

आता सभेत मी या दोन वाक्यांनीच सुरुवात करतो, आमिषाची कृती नंतर. आभाळ भरून आले असले तरी. मोत्या शेजारी बसलेला असतो. सडक्या मासळीची खोड मात्र त्याची अजून गेलेली नाही.