एन्टर, एन्टर, एन्टर

विंडोज एक्सपी 2001 साली आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती. फक्त बंद होती. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म सुटला आणि इंटरनेटला नुसतं जोडलेलं मशीनही धरू लागला. पडद्यावर चौकट यायची : रिमोट प्रोसीजर कॉल सेवा अनपेक्षितपणे थांबली आहे, मशीन बंद होत आहे. खाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. चौकटीतला शब्द न् शब्द खरा होता आणि वाचणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पासून फायरवॉल सुरू अवस्थेत येऊ लागली. मधल्या वर्षात ज्यांची मशीनं सापडली त्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडे फायरवॉल आहे, हेच ठाऊक नसणार.

•

आमच्या धंद्यात ‘ऑप्शन देऊन टाकू’ हे वाक्य मीटिंग संपवायला वापरतात. दोन डेव्हलपर भांडतायत, एकाला हे हवं, दुसऱ्याला ते. मग सेटिंगमध्ये एक चौकोन वाढतो आणि सगळे चहाला जातात. पण चौकोनात आधीपासून टिक असावी की नसावी? भांडण तिथेच असतं, फक्त आता ते कोणी मिटवत नाही. ज्याने कोड लिहिला त्याच्या मशीनवर जे होतं तेच पुढे सगळ्यांच्या मशीनवर जातं.

•

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी पावती उघडली की तारखेच्या रकान्यात काय असावं?

आजची तारीख, असं कोणीही सांगेल. काउंटरवरच्या मॅडमसाठी ते बरोबर आहे. खातेदार समोर उभा आहे, पैसे आत्ता आलेत. पण पिग्मी एजंटने चार दिवसांच्या पावत्या एकदम आणून टाकल्या की त्या मारत बसणाऱ्याला आजची तारीख म्हणजे शिक्षा. दर पावतीला तारीख खोडा, नवी टाका. त्याला मागच्या नोंदीची तारीख हवी असते. बरं, मागच्या नोंदीची ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडतो तो जुन्याच तारखेवर आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी रोख जुळत नाही, मग फोन.

हे काम करणाऱ्याकडे थोडा वेळ बघत उभं राहावं. नजर पडद्यावर नसतेच. डावा हात पावत्यांच्या गठ्ठ्यावर, उजवा नंबरपॅडवर. खाते क्रमांक, एन्टर, एन्टर, रक्कम, एन्टर, एन्टर. आमच्याकडचे बरेच क्लार्क टॅलीवर तयार झालेले. तिथे एन्टरने पुढच्या रकान्यात जायचं आणि शेवटी स्वीकारायचं का विचारलं की पुन्हा एन्टर. हा वेग बोटांत मुरलेला असतो. अशा माणसासमोर रकान्यात आधीच भरून ठेवलेली गोष्ट ही सूचना राहत नाही. तीच किर्दीत जाते.

शेवटी ठरलं ते असं : दिवस सुरू केला की आजची तारीख. हाताने बदलली तर तो पडदा बंद करेपर्यंत बदललेली राहील आणि आजची नसेल तोवर रकाना पिवळा दिसेल. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र रकाना कोरा. त्या दिवसांत निम्म्या नोंदी 31 मार्चच्या असतात, निम्म्या नव्या वर्षाच्या, आणि चुकीच्या वर्षात पडलेली नोंद ऑडिटला निघते तेव्हा फार महाग पडते. जिथे अंदाज चुकला तर इतकं मोजावं लागतं तिथे अंदाज करूच नये, माणसाला टाइप करायला लावावं. याबद्दल दर एप्रिलात शिव्या येतात. येऊ देत.

•

“हॅलो सर, सिस्टीम एरर देतेय.”

“काय लिहून आलंय?”

“काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं. मी ओके केलं.”

“परत करून बघा. आलं की ओके करू नका, मला वाचून दाखवा.”

“आता येत नाहीये.”

सपोर्टला बसणाऱ्या प्रत्येकाला हा संवाद पाठ असतो. यात क्लार्कची चूक काढणारे लोक मला भेटतात. चौकटीवर एकच बटण, त्यावर ‘ओके’. ती बाई दुसरं काय करणार होती?

•

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात केन थॉम्पसनने लिहिलेला ‘एड’ हा संपादक काहीही बिघडलं तरी एकच उत्तर द्यायचा : प्रश्नचिन्ह. त्या काळच्या टेलिटाइपवर प्रत्येक अक्षर खडखडत कागदावर उमटायचं, त्यामुळे काटकसर समजू शकते. आजच्या ‘काहीतरी चुकले’ या संदेशाला ती सबब नाही. उलट त्यात माहिती प्रश्नचिन्हाइतकीच आणि जागा जास्त.

•

चूक दाखवणाऱ्या संदेशात काय घडलं आणि आता काय करायचं हे लिहावं, असं सगळी पुस्तकं सांगतात. काउंटरवरचा पहिला प्रश्न वेगळाच असतो : माझी नोंद गेली की राहिली? याचं उत्तर नसलं की माणूस तीच पावती पुन्हा मारतो आणि खात्यावर रक्कम दोनदा जमा होते.

आमच्या एका जुन्या पडद्यावर डेटाबेसचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं यायचं : प्रायमरी की, कन्स्ट्रेंट, व्हायोलेशन आणि मागे टेबलाचं नाव. आता येतं ते असं : ‘पावती क्र. 418 आधीच नोंदलेली आहे (12 जून, रु. 2,500). आत्ताची नोंद जतन झालेली नाही.’ बटणं दोन, ‘जुनी पावती दाखवा’ आणि ‘नवा क्रमांक द्या’. डेटाबेसचं वाक्य फेकलेलं नाही, ते लॉगमध्ये जातं; सपोर्टवाल्याला तेच लागतं. हे एवढं लिहायला कोड थोडाच लागला. वेळ गेला तो दुसरं बटण असावं का यावर. नवा क्रमांक सहज मिळतोय म्हटल्यावर खरीच दुबार असलेली पावतीही कोणी तशीच पुढे रेटेल, ही भीती खोटी नाही.

•

एचपीच्या लेसरजेट प्रिंटरवरच्या चिमुकल्या पट्टीत ‘पीसी लोड लेटर’ असं यायचं. 1999 च्या ‘ऑफिस स्पेस’ या चित्रपटाने ते जगभर प्रसिद्ध केलं. पीसी म्हणजे पेपर कॅसेट, लेटर म्हणजे अमेरिकी मापाचा कागद : कॅसेटमध्ये लेटर कागद भरा. आपल्याकडे लेटर कागद दुकानात मागूनही सहसा मिळत नाही. मशीनचा प्रदेश अमेरिका राहिलेला असतो, म्हणून वर्ड पान 279 मिलिमीटर उंचीचं धरतो; ट्रेमध्ये 297 चा ए-फोर पडलेला. प्रिंटर केशरी दिवा लावून बसतो. संदेश प्रिंटरवर, कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये, आणि ऑफिसात सगळे ट्रे उघडून बघतायत.

त्याच एका सेटिंगपायी रकमेत 12,34,567 च्या जागी 1,234,567 दिसतं आणि हेडक्लार्क बोट ठेवून लाख मोजत बसतो.

•

एक्सेल चूक झाली असं सांगत नाही. स्वतः करून मोकळं होतं.

रकान्यात गट क्रमांक म्हणून 7/12 टाइप करा. मशीन भारतीय मांडणीवर असेल तर 7 डिसेंबर होतो, अमेरिकी मांडणीवर असेल तर 12 जुलै. घाबरून रकाना ‘टेक्स्ट’ केला तर 7/12 परत मिळत नाही. 2024 साली टाइप केलेलं असेल तर भारतीय मांडणीत 45633 मिळतात, कारण आत तारीख दिवसांच्या आकड्यात साठवलेली असते. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. एक्सेल पंधराच आकडे धरतं. आधारचे बारा आकडे मागे ‘ई+11’ असं शेपूट लावून आखडतात. ते निदान आत शाबूत असतात, पण फाईल तशीच सीएसव्ही करून बँकेला पाठवली की जे दिसतंय तेच जातं.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. जनुकांची ‘मार्च1’, ‘सेप्ट2’ अशी लघुनावं एक्सेल तारखा समजायचं. 2004 मध्येच त्यावर शोधनिबंध आला होता. 2016 मध्ये प्रमुख जीनोमिक्स नियतकालिकांतल्या लेखांना जोडलेल्या एक्सेल याद्या तपासल्या, तर जवळपास पाचातल्या एका लेखात नावं बिघडलेली निघाली. 2020 मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली : ‘मार्चएफ1’, ‘सेप्टिन2’. हे रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली 2023 च्या ऑक्टोबरात, आणि तेही सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. आधीपासूनची निवड तीच राहिली. याचं मला अजूनही हसू येतं, पण मायक्रोसॉफ्टची बाजूही कळते : ज्यांना 7/12 म्हणजे तारीखच हवी असते असे लोक जगात जनुकवाल्यांपेक्षा आणि तलाठ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

•

ज्याची त्याची परवानगी विचारणं याला सुरक्षितता म्हणत नाहीत. 2007 च्या व्हिस्टाने जरा काही केलं की पडदा काळवंडून विचारायला सुरुवात केली. लोक न वाचता ‘कंटिन्यू’ दाबायला शिकले, आणि विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टला हे विचारणं कमी करावं लागलं. विंडोज 8 पासून तर फाईल डिलीट करताना ‘नक्की ना?’ हा प्रश्नच आधीपासून बंद असतो. फाईल गुपचूप रिसायकल बिनमध्ये जाते, हवी तर काढून घ्या. मला हे पटतं. परत घेता येत असेल तर विचारू नये. येत नसेल तर विचारावं, आणि एन्टर ‘नाही’वर ठेवावा.

न वाचता पुढे जायच्या सवयीचं टोक डेस्कटॉपवर नाही, थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रावर दिसलं. मार्च 1986, टेक्ससमधलं टायलर. पडद्यावर ‘मॅलफंक्शन 54’. ऑपरेटरच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. असले आकडे यंत्र रोज दाखवायचं आणि ‘पी’ दाबलं की काम पुढे चालू व्हायचं. ‘पी’ दाबलं गेलं. रुग्णाला पहिल्या झटक्यातच प्रचंड जादा मात्रा मिळालेली होती, दुसरीही मिळाली.

•

युरोपात विंडोज वापरणाऱ्याला ब्राउझर निवडायचा पडदा दाखवण्याचं मायक्रोसॉफ्टने कबूल केलं होतं. मे 2011 ते जुलै 2012 या काळात विंडोज 7 च्या सर्व्हिस पॅक 1 मध्ये तो दाखवलाच गेला नाही. मार्च 2013 मध्ये दंड झाला, 56 कोटी 10 लाख युरो. एका पडद्याचे.

•

बॅकअपची आमची जुनी डिफॉल्ट जागा त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर होती. सी आणि डी ही एकाच हार्डडिस्कची दोन नावं आहेत, हे बहुतेक संस्थांना डिस्क गेल्यावर कळायचं. आता दिवस बंद करताना सॉफ्टवेअर बाहेरचा ड्राइव्ह मागतं. लोक ‘नंतर’ दाबतात. म्हणून मुख्य पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ओळ टाकली : ‘शेवटचा बॅकअप : 9 दिवसांपूर्वी’. तीन दिवसांनंतर ती लाल होते.

मागच्या महिन्यात एका व्यवस्थापकांचा फोन आला. ओळ राहू द्या म्हणाले, पण लाल रंग काढता येईल का, ऑडिटर येतात तेव्हा बरं दिसत नाही. सेटिंगमध्ये ऑप्शन देऊन टाकू, असं टीममध्ये एकाने लगेच सुचवलं. दिलेलं नाही.