फवारणीचे औषध छातीत कशाला?



आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या माणसाला बिघडलेली वस्तू फेकून देववत नाही. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी कमजोर झाली की तिच्यावर गोठ्यातला दिवा लागतो. ठिबकच्या जुन्या नळ्या मांडव बांधायला कामी येतात. बिबट्याच्या धास्तीने रात्रीच्या पाळीला उसात पाणी भरायला जाणारा गडी जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून स्वतःच हातबत्ती जोडून घेतो. थोड्या पैशात काम भागवायचे, ही आपली जुनी सवय आहे आणि ती चांगली आहे. खोडदची दुर्बीण हे तिचेच मोठे उदाहरण. ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या उभ्या करताना डॉ. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्रा वापरला नाही. ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवून त्यांनी खर्च कितीतरी कमी केला, आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ तिथे काम करायला येतात. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा आपल्या शाळांतली पोरे घरी बनवलेली यंत्रे घेऊन जातात. ती पाहून छाती फुगते.

एवढे आधी सांगितले, कारण पुढे मी एका घरगुती यंत्राविरुद्ध बोलणार आहे. हा म्हातारा पोरांच्या करामतीवर जळतो, असे कुणाला वाटू नये. मी शेतीला जोड म्हणून पाण्याच्या मोटारी भरतो. तार, कॉइल, करंट यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून हे यंत्र माझ्याच दुकानात आले.

झाले असे. वस्तीवरचा एक पोरगा आयटीआयला वायरमनचे शिकतो. हाताला चांगला, डोक्याला त्याहून चांगला. एके दिवशी येऊन म्हणाला, “काका, शेगडीची बारीक तार आहे का? वीतभर पुरे.”

“कशाला रे?”

आधी नुसता घुटमळला. मग म्हणाला, “अण्णांची विडी सुटत नाही. रातभर खोकत्यात. आई उठून बसती. शहरात ते व्हेप मिळतं, त्यात धूर नसतो म्हणं. चोरून घ्यायला दोन-तीन हजार पडत्यात. मी शंभर-दीडशेत घरी बनवतो. सेल आहे, कापूस आहे, ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं. अन् तंबाखू उकळून अर्क काढायचा.”

आता सांगा, अशा पोराला काय म्हणून रागवायचे? बापाची विडी सुटावी म्हणून तो धडपडत होता. पण मी तार दिली नाही. का दिली नाही, ते त्याला जसे सांगितले तसेच तुम्हाला सांगतो. आज ना उद्या तुमच्याही घरात हा प्रश्न येईल.

आधी हे यंत्र आहे तरी काय? एक सेल, त्यावर तापणारी तारेची छोटी कॉइल, कॉइलमध्ये कापसाची वात आणि वातीला पाजलेला गोडसर रस. बटण दाबले की तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. त्या रसात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वासाचे अर्क आणि निकोटीन असते. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या माणसाने १९६३ सालीच बिनधुराच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ती बाजारात चालली नाही. आजची ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने बनवली. तो स्वतः भारी सिगारेट ओढणारा होता. म्हणजे आमच्या पोराच्या मनात आले तेच त्याच्याही मनात आले होते. पुढे त्याचा मोठा धंदा झाला आणि विडी-सिगारेटला कधी हात न लावलेली शाळकरी पोरे त्या गोड वासाने ओढली गेली, ही गोष्ट निराळी.

पहिला हिशेब तारेचा आणि सेलचा. लिथियमचा सेल ३.७ व्होल्टचा. कॉइल एक ओहमची असली तर ३.७ अँपिअर करंट वाहतो. तार निम्मी तोडली की करंट दुप्पट, साडेसात अँपिअरच्या आसपास. आणखी तोडून ओहमचा पाचवा हिस्सा केली, तर १८ अँपिअरच्या पुढे. लॅपटॉपमधला साधा सेल चार-पाच अँपिअरच्या कामासाठी बनवलेला असतो. त्याच्याकडून चौपट ओढले की तो आतून तापतो, आणि एका मर्यादेपुढे तापला की बटण सोडले तरी थांबत नाही. स्वतःच पेटत जातो. आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला स्टार्टर असतो, त्यात ओव्हरलोड रिले असतो, वर फ्यूज असतो. तरी मोटारी जळतात आणि माझे पोट चालते. या दीडशेच्या नळीत रिले नाही, फ्यूज नाही, आणि ती बांधावर नाही, ओठांत धरायची आहे. २०१८ साली अमेरिकेत फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये हे यंत्र तोंडाजवळ फुटून माणसे मेली. ती तर दुकानातून घेतलेली होती.

शिवाय पाणी सुटल्यावर पंप कोरडा फिरला की काय होते, ते तुम्ही जाणता. वात कोरडी पडली की इथेही तेच. तार लाल होते, कापूस जळतो, ग्लिसरीन करपून त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे विषारी वायू निघतात. तारेतले निकेल आणि क्रोमियम, डाक लावलेल्या कथलातले शिसे वाफेबरोबर निघते, हे तपासण्यांत दिसले आहे. आपण चुलीचा धूर टाळायला गॅस आणला. मग शिशाची वाफ मुद्दाम ओढायची का?

दुसरा हिशेब रसाचा, आणि हा शेतकऱ्याला कुणी वेगळा समजावून द्यायला नको. निकोटीन म्हणजे काय? तंबाखूच्या झाडाने किडीपासून स्वतःला वाचवायला पानात साठवलेले विष. आपल्या वाडवडिलांनी तंबाखूचा काढा करून, त्यात साबण घालून, वांग्यावरचा आणि वालावरचा मावा मारला. पुढे त्याचेच ‘निकोटीन सल्फेट’ ४० टक्क्यांचे औषध म्हणून बाटलीत आले. माणसालाही ते इतके घातक, की आपल्या देशात त्याचा वापर बंद करावा लागला. आज आपण टोमॅटोवर आणि द्राक्षावर इमिडाक्लोप्रिड मारतो, ते ज्या कुळातले, त्या कुळाचे नावच ‘निओनिकोटिनॉइड’, म्हणजे नव्या तऱ्हेचे निकोटीन. किडीच्या मज्जातंतूंवर निकोटीन जिथे पकड घेते, तिथेच हेही घेते.

मग मी पोराला विचारले, “माव्याचा काढा फवारताना तू काय करतोस?” म्हणाला, “तोंडाला फडकं बांधतो, वाऱ्याकडं पाठ करतो, नंतर साबणानं हात धुतो.” मी म्हटले, “आणि तोच काढा तापवून अण्णांच्या छातीत फवारणार होय?” पोरगा गप्प झाला.

उकळून काढलेल्या अर्कात निकोटीन किती उतरले, हे घरी मोजता येत नाही. एका पुडीत कमी, दुसरीत जास्त. ब्रिटनमध्ये हा रस कायद्याने विकतात, तिथे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमच्या वर निकोटीन चालत नाही आणि बाटली १० मिलिलिटरहून मोठी चालत नाही. इतके मोजूनमापून करण्याचे कारण काय? निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना त्याने मळमळ, उलट्या आणि चक्कर येते. २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात वर्षभराच्या एका बाळाने घरात पडलेला असला रस प्यायला आणि ते दगावले. आपल्या घरात औषधाची बाटली कोनाड्यात असते आणि नातवंडे रांगत असतात. गोड वासाची बाटली त्यांच्या हाती लागायला किती वेळ लागतो?

आणि घरगुती रसाचे काय होते, ते २०१९ साली अमेरिकेने पाहिले. धडधाकट तरुण धाप लागून इस्पितळात येऊ लागले. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ मेले. त्यातले बहुतेक गांजाचा अर्क भरलेल्या, चोरट्या बाजारातल्या किंवा ओळखीपाळखीतून घेतलेल्या नळ्या ओढणारे होते. रस दाट दिसावा म्हणून त्यात ई जीवनसत्त्वाचे तेल, म्हणजे व्हिटॅमिन ई ॲसिटेट, मिसळले होते. पोटात चालणारी वस्तू फुप्फुसात चालतेच असे नाही. तूप खाल्ले तर अंगी लागते, ठसक्याने श्वासनळीत गेले तर जीव घाबरा होतो.

तिसरा हिशेब कायद्याचा. आपल्या देशात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेट बनवणे, आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे बंद झाले आहे. पूर्ण यंत्रच नव्हे, त्याचा भाग बनवणेही त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. दीडशे रुपये वाचवायला निघालेल्या पोराने नोकरीच्या तोंडावर असली नोंद का करून घ्यावी?

आता कुणी शिकलेला म्हणेल की ब्रिटनमधले डॉक्टर सिगारेट ओढणाऱ्याला हेच यंत्र वापरायला सांगतात. खरे आहे. जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा ही वाफ बरीच कमी घातक, असे तिथल्या आरोग्य खात्याचे मत आहे. पण ते तपासून, मापून विकलेल्या यंत्राबद्दल आणि आधीच ओढणाऱ्या माणसाबद्दल. शेगडीच्या तारेच्या आणि उकळलेल्या तंबाखूच्या नळीबद्दल तसे तिथलाही डॉक्टर म्हणणार नाही.

याचा अर्थ विडी बरी, असा कुणी काढू नये. आपट्याच्या पानाची असो की टेंभुर्णीच्या, विडी पुन्हापुन्हा ओढावी लागते, नाहीतर विझते. तिच्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर जात नाहीच. आणि आपल्या राज्यात धुरापेक्षा तोंडातल्या तंबाखूचे दुखणे मोठे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात मोठ्या माणसांत शंभरात सुमारे चौघे ओढणारे, तर चोवीस जण तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे निघाले. भगिनींनो, मिश्रीतही तेच निकोटीन आहे. तिला दातांचे औषध समजू नका.

मग अण्णांचे काय केले? तार दिली नाही, पण पोराला रिकाम्या हाती परत पाठवणे बरे दिसले नसते. मी आणि तो, दोघांनी मिळून अण्णांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. दोन आठवड्यांवर खोकला असला की थुंकी तपासावी लागते. ती चांगली निघाली. पण श्वासनळ्या धुराने सुजून अरुंद झाल्या आहेत, असे डॉक्टर म्हणाले आणि छातीत ओढायचे औषध दिले. औषधाची ती नळी पाहून पोरगा हळूच म्हणाला, “काका, नळीच ओढायची होती, तर ही बरी.”

विडी सोडवायला सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. पोराने तो लावून दिला. अण्णा आधी लाजले. “बाईमाणसाला काय सांगू माझं व्यसन?” म्हणाले. मग बोलले, आणि अर्धा तास बोलले. सकाळच्या चहाबरोबरची विडी सगळ्यांत अवघड, हे त्यांनाच बोलता बोलता कळले. दुकानात निकोटीनचे च्युइंगम मिळते. ते डॉक्टरांना विचारून सुरू केले. त्यातही निकोटीनच आहे, हे खरे. पण ते मोजलेले आहे, जळत नाही, आणि हळूहळू कमी करायचे आहे. रोजच्या दोन बंडलांवरून अण्णा आता चार-पाच विड्यांवर आले आहेत. सुटली असे मी म्हणणार नाही. तरसून एखाद्या दिवशी आठ होतात. तरी त्यांची मालकीण सांगते, की आता रात्री तिला उठून बसावे लागत नाही.

वाचकहो, तुमच्या घरातला पोरगा असली तार मागायला आला, तर त्याला हाकलू नका. कुणासाठी हवी, ते आधी विचारा. बापासाठी असेल तर बापाला दवाखान्यात न्या आणि फोन लावून द्या. स्वतःसाठी असेल तर बाजूला बसवून त्याला माव्याच्या औषधाचे सांगा. शेतकऱ्याच्या पोराला ते लवकर पटते. जुने सेल उघडे खिशात ठेवू देऊ नका, किल्ल्यांना लागून ते पेटतात. आणि त्याच्या हाताला दुसरे काम द्या. आमच्या पोराने त्याच सेलांवर, जोडणीत फ्यूज टाकून, गोठ्यापुढे जनावर आले की आपोआप लागणारा दिवा केला आहे. शंभर-दीडशेतच झाला.